एमआरआयमधील लहान आणि खोल मेंदू-रचना संगणकाकडून ओळखून घेताना

थॅलॅमसच्या खाली, मध्यमेंदूच्या माथ्याशी, शेंगदाण्याच्या अर्ध्या फोडीएवढी एक रचना असते, तिला सबथॅलॅमिक न्यूक्लियस म्हणतात. १९९३ साली फ्रान्समधील ग्रेनोबल येथे आलिम-लुई बेनाबिड यांच्या गटाने पार्किन्सनच्या उपचारासाठी या जागी विद्युत्-तार बसवण्याची शस्त्रक्रिया सुरू केली आणि तेव्हापासून ही इवलीशी जागा स्कॅनवर नेमकी कशी शोधायची, हा प्रश्न शल्यविशारदांइतकाच अभियंत्यांचाही झाला. पुण्यातील अभियांत्रिकीचे विद्यार्थी आणि रेडिओलॉजीचे निवासी डॉक्टर जेव्हा मिळून असे काम हाती घेतात, तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा ‘कोणते सॉफ्टवेअर वापरू?’ हा असतो. माझ्या मते तो चौथा किंवा पाचवा प्रश्न असायला हवा, आणि या लेखातील पायऱ्यांचा क्रम त्यामुळेच तसा ठेवला आहे.

एका व्हॉक्सेलचा हिशेब

काम सुरू करण्यापूर्वी एक हिशेब कागदावर करून पाहावा. पाच मिलिमीटर बाजूचा एक घन आहे आणि स्कॅनचा प्रत्येक व्हॉक्सेल, म्हणजे त्रिमितीय प्रतिमेचा सर्वांत लहान ठोकळा, एक मिलिमीटरचा आहे, असे समजा. घनात १२५ व्हॉक्सेल बसतात, त्यांपैकी ९८ पृष्ठभागावर असतात आणि पूर्णपणे आत असे केवळ २७ उरतात. वीस मिलिमीटर बाजूच्या घनात मात्र ८,००० पैकी २,१६८ व्हॉक्सेलच, म्हणजे सुमारे २७ टक्के, कडेला येतात. याचा अर्थ असा की लहान रचनेत जवळजवळ प्रत्येक व्हॉक्सेल हा सीमेवरचा, अर्धा आपला आणि अर्धा शेजाऱ्याचा असतो.

आता दोन्ही घन एका दिशेने एक मिलिमीटर सरकवा. दोन आकृत्या एकमेकींवर किती बसतात हे सांगणारा डाइस गुणांक (पूर्ण जुळल्या तर १, अजिबात नाही तर ०) मोठ्या घनासाठी ०.९५ राहतो, लहान घनासाठी तो ०.८० वर येतो. भिंतीला बाहेरून गिलाव्याचा थर द्यावा तसा सर्व बाजूंनी एकेक व्हॉक्सेल वाढवला, तर मोठ्या घनाचा गुणांक ०.८६ होतो आणि लहान घनाचा थेट ०.५३, शिवाय लहान घनाचे आकारमान १२५ वरून ३४३, म्हणजे पावणेतीन पटीच्या आसपास जाते. चूक दोन्हीकडे सारखीच, एका व्हॉक्सेलची आहे. हिप्पोकॅम्पससारख्या मोठ्या रचनेवर उत्तम चालणारी पद्धत सबथॅलॅमिक न्यूक्लियसवर का कोसळते, याचे निम्मे उत्तर या हिशेबात आहे.

पहिली पायरी: कोणती रचना आणि ती कोणत्या स्कॅनवर दिसते

‘खोल रचना’ या एका नावाखाली फार वेगवेगळ्या गोष्टी येतात. थॅलॅमस, पुटामेन, कॉडेट आणि हिप्पोकॅम्पस या तुलनेने मोठ्या रचना नेहमीच्या टी-वन स्कॅनवर डोळ्यांना दिसतात (टी-वन, टी-टू ही एमआरआय स्कॅनच्या वेगवेगळ्या प्रकारांची नावे). सबथॅलॅमिक न्यूक्लियस, रेड न्यूक्लियस आणि सब्स्टॅन्शिया नायग्रा या तिघांत लोह भरपूर असते, त्यामुळे टी-टू आणि विशेषतः टी-टू-स्टार प्रकारच्या स्कॅनवर ती काळसर उमटतात, पण टी-वनवर आजूबाजूच्या पांढऱ्या द्रव्यात जवळपास विरघळून जातात. थॅलॅमसच्या आतील उपकेंद्रकांची गोष्ट आणखी निराळी आहे, कारण त्यांच्यामधल्या भिंती नेहमीच्या टी-वन आणि टी-टू दोन्हींवर पुसट असतात आणि पांढऱ्या द्रव्याचा संकेत दाबून टाकणारा खास स्कॅन-क्रम (सिक्वेन्स) वापरला तरच त्या बऱ्यापैकी उठून दिसतात.

म्हणून पहिला नियम असा की जी रचना निष्णात डॉक्टरला त्या स्कॅनवर दिसत नाही, ती संगणकालाही ‘दिसत’ नाही. संगणक तिथे आकृती काढून देतो हे खरे, परंतु ती शेजारच्या खुणांवरून केलेली अटकळ असते. अटकळ निरुपयोगी नसते, निरोगी तरुण मेंदूत ती पुष्कळदा बरोबरही येते. मात्र ज्या रुग्णात रचना आजाराने बदलली आहे, नेमकी तिथेच ती सरासरी माणसाची आकृती हातात ठेवते, आणि आपण तर तो बदलच मोजायला निघालेलो असतो.

दुसरी पायरी: स्कॅन घेताना

रुग्णालयांतील नेहमीच्या टी-टू स्कॅनच्या चकत्या तीन ते पाच मिलिमीटर जाडीच्या असतात. सबथॅलॅमिक न्यूक्लियस अशा एखाद-दोन चकत्यांतच संपतो आणि त्याच्या खाली चिकटलेल्या सब्स्टॅन्शिया नायग्रापासून तो वेगळा काढणे अशक्यप्राय होते. टी-वन एक मिलिमीटरचा आणि त्याच बैठकीत त्रिमितीय टी-टू किंवा अनेक प्रतिध्वनींचा ग्रेडियंट-एको (टी-टू-स्टार प्रकारचा) स्कॅन एक मिलिमीटर किंवा त्याहून बारीक मिळावा, असा आग्रह धरावा. ग्रेडियंट-एको घेताना केवळ मॅग्निट्यूडवर, म्हणजे संकेताच्या तीव्रतेच्या प्रतिमांवर, समाधान न मानता फेजच्या, म्हणजे संकेताच्या कलेच्या, प्रतिमाही जतन करायला सांगाव्यात, कारण लोहाचे प्रमाण दाखवणारा ससेप्टिबिलिटीचा नकाशा, ज्याला क्यूएसएम म्हणतात, फेजशिवाय तयार होत नाही. यंत्रावर हा पर्याय अनेकदा बंद असतो आणि रुग्ण घरी गेल्यावर ती माहिती परत मिळण्याचा कोणताही मार्ग नसतो.

कंप असलेल्या रुग्णाच्या बाबतीत हालचाल हाच सर्वांत मोठा शत्रू ठरतो. साताऱ्याहून, सोलापूरहून पहाटेची एसटी धरून आलेल्या वृद्ध माणसाला त्या बोगद्यात आत ढकलण्यापूर्वी तंत्रज्ञाने दोन मिनिटे दिली, तर पुढची पाच तासांची डोकेफोड वाचते. “आजोबा, आता सात मिनिटं मोठा आवाज येईल, मान हलवायची नाही, आवंढा गिळायचा असेल तर आत्ताच गिळून घ्या,” एवढे साधे वाक्य कुठल्याही गणिती सुधारणेपेक्षा अधिक उपयोगी पडल्याचे मी पाहिले आहे.

आणखी एक स्वस्त युक्ती आहे. कॉडलिव्हर तेलाची एक गोळी उजव्या कानशिलावर चिकटपट्टीने लावावी. तेल असल्यामुळे ती टी-वनवर ठळक पांढरी दिसते आणि उजवी बाजू कोणती, याचा वाद कायमचा मिटतो. हा वाद किरकोळ वाटत असेल तर पुढील पायरी वाचावी.

तिसरी पायरी: फायली, ओळख आणि डावे-उजवे

स्कॅन सीडीवर किंवा पेन ड्राइव्हवर डायकॉम या वैद्यकीय प्रतिमांच्या ठरलेल्या स्वरूपात येतात आणि त्या फायलींच्या मथळ्यात रुग्णाचे नाव, वय, जन्मतारीख असे सर्व काही असते. नैतिकता समितीची मंजुरी आणि रुग्णाची संमती हातात असल्याखेरीज त्या सीडीला हात लावू नये. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची (आयसीएमआर) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे आणि २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, दोन्ही वाचून ठेवणे आवश्यक आहे. नाव पुसले म्हणजे काम झाले असे नाही, कारण एक मिलिमीटरच्या स्कॅनवरून चेहऱ्याचा त्रिमितीय आकार उभा करता येतो, म्हणून बाहेर देण्याच्या प्रतीतून चेहराही काढून टाकावा लागतो. आमचे काम मेंदूच्या तळाशी असल्याने हे करताना खालचा भाग कापला गेला नाही ना, हे प्रत्येक स्कॅनवर पाहावे.

त्यानंतर डायकॉमचे संशोधनाची साधने वाचतात त्या निफ्टी स्वरूपात रूपांतर करावे, त्यासाठी डीसीएम-टू-निक्स हे मोफत साधन विश्वासार्ह आहे. रूपांतर झाल्यावर फाइल उघडून डावी-उजवी बाजू तपासावी. रेडिओलॉजीच्या रीतीत रुग्णाची उजवी बाजू पडद्याच्या डावीकडे दिसते, न्यूरॉलॉजीच्या रीतीत ती उजवीकडेच दिसते, आणि दोन सॉफ्टवेअरांची सवय वेगळी असली की गोंधळ ठरलेलाच. आमच्या सुरुवातीच्या एका प्रकल्पात मी स्वतः लिहिलेल्या एका छोट्या आज्ञावलीने फायलीतील दिशादर्शक आकडे गाळून केवळ प्रतिमा जतन केली होती, आणि दोन आठवडे आम्ही उजव्या बाजूचा आजार डाव्या बाजूला मोजत होतो. मेंदू वरवर पाहता सममित असल्यामुळे ही चूक नजरेने पकडली जात नाही. ती पकडली गेली ती एका रुग्णाच्या कानशिलावरच्या गोळीमुळे.

यानंतर एन-फोर पद्धतीने प्रकाशमानतेतील असमानता दुरुस्त करावी आणि टी-टू स्कॅन त्याच रुग्णाच्या टी-वनवर जुळवून घ्यावा. इथे एकच पथ्य आहे. प्रतिमा पुनःपुन्हा ताणून नवी प्रत काढत राहू नये, सर्व रूपांतरणे एकत्र जोडून मूळ प्रतिमेवर एकदाच लागू करावीत, कारण प्रत्येक फेरीत सीमा थोडी धूसर होते. लेबलांच्या, म्हणजे कोणता व्हॉक्सेल कोणत्या रचनेचा हे क्रमांकाने सांगणाऱ्या, फायली ताणताना निकटतम-शेजारी पद्धत वापरावी, नाहीतर ‘रचना क्रमांक तीन’ आणि ‘रचना क्रमांक पाच’ यांच्या सीमेवर क्रमांक चार उगवतो.

चौथी पायरी: हाताने काढलेली आकृती

संगणकाला शिकवायचे असो वा त्याची परीक्षा घ्यायची असो, कुणीतरी माणसाने हाताने काढलेल्या आकृत्या लागतातच. हे काम कंटाळवाणे आहे, ते ज्येष्ठ डॉक्टर सर्वांत कनिष्ठ निवासी डॉक्टरकडे सोपवतात आणि तो ते रात्रपाळीनंतर करतो. प्रकल्पाची गुणवत्ता बहुधा इथेच ठरून जाते.

प्रथम लेखी नियमावली तयार करावी. रचना कोणत्या स्कॅनवर रेखाटायची, कोणत्या प्रतलात सुरुवात करायची, प्रतिमेची उजळता कोणत्या मर्यादेत ठेवायची, आणि जिथे सीमा दिसत नाही तिथे काय करायचे, हे सर्व त्यात असावे. उजळतेचा मुद्दा क्षुल्लक समजू नये. तीच काळी रचना पडद्यावरचा कॉन्ट्रास्ट वाढवला की फुगते आणि कमी केला की आक्रसते, आणि वरच्या हिशेबाप्रमाणे एका व्हॉक्सेलचा फुगवटा म्हणजे आकारमानात दुपटीहून मोठा फरक. सबथॅलॅमिक न्यूक्लियससाठी कोरोनल (समोरून दिसणारे उभे) प्रतल सोयीचे पडते, कारण त्यात तो तिरका, भिंगासारखा दिसतो आणि त्याच्या आतल्या-खालच्या अंगाला सब्स्टॅन्शिया नायग्रा वेगळी काढता येते. अ‍ॅक्सियल (आडव्या) प्रतलात रेड न्यूक्लियस हा गोल, ठळक आणि न चुकणारा सोबती आहे. आधी तो सापडवावा, मग त्याच्या बाहेरच्या आणि किंचित पुढच्या बाजूला नजर न्यावी. आयटीके-स्नॅप हे मोफत सॉफ्टवेअर तिन्ही प्रतले एकत्र दाखवते, आणि एका प्रतलात काढलेली आकृती उरलेल्या दोन प्रतलांत करवतीच्या दात्यांसारखी दिसत असेल तर ती तिथल्या तिथे दुरुस्त करता येते.

किमान दहा स्कॅन दोन व्यक्तींनी एकमेकांचे काम न पाहता रेखाटावेत, आणि त्यांपैकी एकाने तेच स्कॅन तीन-चार आठवड्यांनी नावे व क्रम बदलून पुन्हा रेखाटावेत. दोन माणसांमधील डाइस गुणांक ०.८० असेल, तर संगणकाने त्यांच्याशी ०.८२ जुळवले याचा आनंद मानावा आणि ०.९५ जुळवले तर संशय घ्यावा, कारण तेव्हा शिकवणीचे स्कॅन परीक्षेत घुसलेले असण्याची शक्यता अधिक असते.

पाचवी पायरी: तयार साधने पारखून घेणे

इथे आता सॉफ्टवेअरचा प्रश्न येतो. एफएसएल या मेंदूच्या प्रतिमांवर काम करणाऱ्या सॉफ्टवेअर-संचातील फर्स्ट हे साधन ३३६ हस्तरेखित मेंदूंवरून आकार आणि प्रकाशमानता शिकलेले आहे आणि ते डावी-उजवी धरून पंधरा रचना देते. थॅलॅमस, पुटामेन, पॅलिडम, हिप्पोकॅम्पस, अमिग्डाला, अ‍ॅक्युम्बेन्स त्यांत आहेत, सबथॅलॅमिक न्यूक्लियस नाही. फ्रीसर्फर या तशाच दुसऱ्या संचाच्या नेहमीच्या निकालातही तो स्वतंत्र मिळत नाही. तिथे ‘व्हेंट्रल डीसी’ नावाचे एक गाठोडे असते आणि त्यात हायपोथॅलॅमस, सबथॅलॅमिक न्यूक्लियस, रेड न्यूक्लियस असे बरेच काही एकत्र बांधलेले असते. हे न वाचता ‘व्हेंट्रल डीसी’चे आकारमान सबथॅलॅमिक न्यूक्लियसचे म्हणून तक्त्यात भरलेला प्रबंध माझ्या हाती तपासायला आला आहे. थॅलॅमसच्या उपकेंद्रकांसाठी फ्रीसर्फरमध्ये २०१८ पासून एक वेगळा विभाग आहे, तो मृत्यूनंतर मिळालेल्या सहा मेंदूंच्या बारा थॅलॅमसांचे सूक्ष्म छेद घेऊन बनवलेल्या नमुना-नकाशावर, म्हणजे अ‍ॅटलासवर बेतला आहे. फ्रीसर्फरमध्येच असलेले सिंथसेग हे कृत्रिम प्रतिमांवर शिकवलेले जाळे (न्यूरल नेटवर्क) असल्याने टी-वन, टी-टू असा भेद मानत नाही आणि खराब स्कॅनवरही तग धरते. पहिला अंदाजे नकाशा मिळवण्यासाठी मी तेच वापरतो, अतिलहान रचनांची अपेक्षा मात्र त्याच्याकडून ठेवत नाही. फ्रीसर्फर मोफत आहे आणि केवळ नोंदणी मागते, तर एफएसएल बिगर-व्यावसायिक कामासाठीच मोफत आहे, हा फरक स्टार्टअप काढू पाहणाऱ्यांनी आधीच लक्षात घ्यावा.

दुसरा मार्ग अ‍ॅटलासचा आहे. तज्ज्ञाने आखलेला नकाशा अँट्स या साधनातील सिन पद्धतीने रुग्णाच्या मेंदूवर ताणून बसवायचा आणि त्याच्यासोबत लेबलेही येतील असे पाहायचे. सीआयटी-१६८ हा खोल केंद्रकांचा चांगला अ‍ॅटलास आहे, परंतु तो ज्या ह्यूमन कनेक्टोम प्रकल्पाच्या प्रतिमांवरून केला आहे, त्यातील व्यक्ती २२ ते ३५ वयाच्या होत्या. सत्तरीच्या रुग्णात मेंदूच्या पोकळ्या रुंदावलेल्या असतात, त्या ताणताना आसपासचे सर्व काही बाहेरच्या बाजूला ढकलले जाते. शिवाय भारतीय मेंदूचा सरासरी आकार पाश्चात्त्य नमुन्यांपेक्षा काहीसा लहान असल्याचे हैदराबादच्या ट्रिपल-आयटीने शंभर व्यक्तींवरून भारतीय अ‍ॅटलास तयार करताना दाखवले होते. त्यामुळे आधी भारतीय नमुन्यावर आणि मग परदेशी अ‍ॅटलासवर अशी दोन टप्प्यांची जुळवणी करून पाहायला हरकत नाही.

एकाच अ‍ॅटलासवर विसंबण्यापेक्षा अनेकांचे मत घेणे चांगले. हाताने रेखाटलेले स्कॅन मोजकेच असतील तर मॅगेट ही पद्धत मला विशेष हुशारीची वाटते. समजा पाच अ‍ॅटलास आहेत. ते आपल्याच अभ्यासातील एकवीस निवडक रुग्णांवर बसवायचे आणि त्या एकवीस जणांवरून पुढे प्रत्येक नव्या रुग्णावर, म्हणजे प्रत्येक व्हॉक्सेलसाठी १०५ मते मिळतात आणि बहुमताने निर्णय होतो. दोन्ही संख्या विषम ठेवल्या की मते बरोबरीत अडकत नाहीत. एकवीस जण निवडताना वय, लिंग आणि आजाराची अवस्था यांचे प्रमाण आपल्या रुग्णांसारखे ठेवावे.

सहावी पायरी: स्वतःचे मॉडेल शिकवणे

चाळीस-पन्नास चांगले हस्तरेखित स्कॅन जमले की एनएन-यूनेट वापरून स्वतःचे जाळे शिकवण्याचा विचार करता येतो. २०१५ मधील यूनेट या रचनेवर उभे असलेले हे साधन बहुतांश मापदंड स्वतः ठरवते, म्हणून नवीन जाळ्यांच्या मागे धावण्याआधी याचा निकाल पायाभूत म्हणून काढावा. दोन गोष्टी मात्र त्याच्यावर सोडू नयेत. पहिली म्हणजे, मूळ मांडणीत ते शिकवताना प्रतिमा आरशासारख्या उलटवते. डाव्या आणि उजव्या रचनेला वेगवेगळी लेबले दिली असतील तर हे उलटवणे बंद असलेला ‘ट्रेनर’ हा पर्याय निवडावा, अन्यथा दोन्ही बाजूंची लेबले एकमेकांत मिसळलेली दिसतात. दुसरी म्हणजे, चार हिस्स्यांवर शिकवून पाचव्यावर परीक्षा घेण्यासाठीची पाच हिस्स्यांतील विभागणी रुग्णानुसार करावी, एकाच रुग्णाचे दोन स्कॅन दोन हिस्स्यांत जाता कामा नयेत.

संपूर्ण डोके आत टाकण्याऐवजी आधी सिंथसेगने थॅलॅमस आणि मेंदूचा देठ शोधून त्यांभोवतीची चौकट कापून घ्यावी आणि बारीक काम तेवढ्यातच करावे. शेंगदाण्याची फोड शोधायला अख्खे पोते उपसण्यात अर्थ नाही. चौकट मात्र सैल ठेवावी.

यंत्राबद्दल थोडेसे. दहा-बारा जीबी स्मृतीचे एक ग्राफिक कार्ड पुरते. पुण्यात सी-डॅकमध्ये परम सिद्धी-एआय आणि आयसरमध्ये परम ब्रह्म हे महासंगणक आहेत म्हणून त्यांचीच वाट पाहत बसण्याची गरज नाही. शिकवणीचा एक हिस्सा साधारण एक-दोन दिवस चालतो, आणि ज्यांची यंत्रे घरी आहेत त्यांनी ती बुधवारी रात्री सुरू करू नयेत, कारण गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाणे हा पुणेकरांच्या अंगवळणी पडलेला प्रकार आहे. एनएन-यूनेट दर पन्नास फेऱ्यांनी प्रगती जतन करते आणि तिथून पुढे चालू करता येते.

सातवी पायरी: निकाल तपासणे

केवळ डाइस पाहून थांबू नये. दोन पृष्ठभागांमधील सरासरी अंतर आणि हाऊसडॉर्फ अंतराचे ९५ वे शतमान (सर्वांत वाईट पाच टक्के अंतरे वगळून उरणारे कमाल अंतर), ही दोन्ही मिलिमीटरमध्ये असल्यामुळे डॉक्टरला लगेच उमगतात. मध्यबिंदूतील अंतर आणि त्याची दिशा हीसुद्धा लिहावी. चूक सर्व रुग्णांत एकाच दिशेने होत असेल तर दोष बहुधा जुळवणीत आहे, इतस्ततः होत असेल तर प्रतिमेत किंवा लेबलांत आहे.

त्यानंतर काही लोकांचे एकाच दिवशी दोनदा, मध्ये टेबलावरून उठवून, स्कॅन घ्यावेत. मेंदू तोच असताना आकारमानात जेवढा फरक येतो, त्याहून लहान बदलाबद्दल कोणताही दावा करता येत नाही. दुसऱ्या केंद्रातील, दुसऱ्या कंपनीच्या यंत्रावरील किमान काही स्कॅनही हवेत. लोहाचा काळेपणा दीड टेस्ला चुंबकशक्तीच्या यंत्रावर तीन टेस्लापेक्षा कमी दिसतो, वयानुसार लोह वाढते आणि पार्किन्सनमध्ये सब्स्टॅन्शिया नायग्रातील लोह आणखी वाढते, म्हणून ‘ठळक दिसले, म्हणून मोठे मोजले’ हा फसवा संबंध निकालात शिरला नाही ना, हे आकारमान आणि प्रकाशमानता यांचा आलेख काढून पाहावे.

आणि शेवटी प्रत्येक स्कॅनवर, अगदी प्रत्येक, निकालाची रेषा चढवून तिन्ही प्रतलांतील चित्रे एका पानावर छापावीत आणि ती पाने एका बैठकीत चाळावीत. तीनशे पानांना दीड-दोन तास पुरतात. स्वीकारले, दुरुस्त केले, नाकारले, असे तीनच शेरे ठेवावेत आणि शेरा देणाऱ्याला रुग्ण आजारी गटातील आहे की निरोगी, हे कळू देऊ नये.

डॉक्टरांना निकाल देताना हे आकडे संशोधनापुरते आहेत, शस्त्रक्रियेत तारेचे ठिकाण ठरवण्यासाठी नाहीत, असे प्रत्येक पानावर छापावे. शस्त्रक्रियेच्या वेळी अनेक शल्यविशारद स्कॅनवरील लक्ष्यावरही न विसंबता सूक्ष्म तारेने चेतापेशींचे संकेत ऐकून खात्री करतात, तिथे आपल्या रंगीत आकृतीने घाई करण्याचे कारण नाही. हाताने दुरुस्त झालेले स्कॅन पुढच्या शिकवणीत घ्यावेत, परंतु परीक्षेसाठी बाजूला काढलेला संच कधीही नाही. त्या संचाची किल्ली शिकवणी करणाऱ्याकडे न ठेवता गटातल्या दुसऱ्याच माणसाकडे द्यावी.